विसळणाची बाटली

दामिनी माही लहान बहीन. सख्खी. अंड्यातल्या पांढऱ्याच्या आत काय गुंडाळून ठेवलं हाय, हे पाहाले निंगालेली दुसरी पोरगी साऱ्या भातकुली तालुक्यात दाखवा, मी मिशी उतरवून देतो. गोष्ट तिची हाय, म्हनून आता मी बाजूले होतो. पुढं जो नितेश येईन तो तिचा मोठा भाऊ. दहावीले दोनदा बसलेला, पन वावरात अन् बोलन्यात अजून कोनाले हारला नाई असा.

मे महिन्यातला शनिवार होता. अकोल्यात सकाळी दहालेच डांबर मऊ पडलं होतं. दामिनी प्रयोगशाळेत आली तशी बसलीच नाई. कपाटापाशी जाये, ताटली काढे, मायक्रोस्कोपच्या दुर्बिनीखाली पाहे, परत ठेवे. खुर्चीवर टेके न टेके तं पुन्हा उठे. ताटलीले मसाल्याच्या डब्यावानी चोवीस खन. एकेका खनाच्या तळाशी मिठाचं पानी, अन् वरच्या काचेच्या झाकनाले आतून लटकलेला एक थेंब, बाजरीच्या दान्याएवढा. थेंबातलं पानी हळूहळू उडून खाली जाते, अन् आतलं द्रव्य दाटून त्याचा खडा बांधल्या जाते. जाते म्हनजे, जाले पाह्यजे. चार महिने झाले, थेंब कोरे. नाई तं गढूळ.

ते द्रव्य म्हनजे लायसोझाइम. पांढऱ्या बलकात राहते अन् अंडं नासू देत नाई. दामिनीनं नितेशले एकदा मायची काळी पोत मुठीत चुरगाळून समजावून सांगतलं होतं. एकशे एकोनतीस मनी एका दोऱ्यात. चार जागी गंधकाच्या गाठी, म्हनून सुटत नाई. अन् चुरगाळलेल्या पोतीच्या मधात एक खाच. जंतूचं साल त्या खाचेत आलं का अडकित्त्यात सुपारी धरावी तसं धरते अन् कातरते. पस्तिसावा मनी अन् बावन्नावा मनी, हे दोन दात. नितेशनं ते पाठ केलं अन् भातकुलीच्या चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगतलं का टपरीवाला त्याचा कप ठेवता ठेवताच म्हने, "घ्या, पस्तीस-बावन आले."

अंडे नितेशचेच होते. वावरात साप लय, म्हनून त्यानं बावीस गिनी कोंबड्या पाळल्या होत्या. अंगावर ठिपके अन् गळा असा का तालुक्याले जाग यावी. त्याईचे अंडे उन्हाळ्यात साध्या कोंबडीच्या अंड्यापेक्षा जास्त दिवस टिकतात, असं नितेश सांगे. दामिनीनं तेच धरलं. असं असन तं यायच्या लायसोझाइमचा ढाचा कसा हाय, खाच कुठी वाकली हाय, गाठी कशा हायेत, हे पाहाचं तिनं ठरवलं अन् त्याच्यावरच पीएचडी मांडली.

पन एक कन कोनाले दिसत नाई. कोट्यानं कन एका रांगेत उभे राह्यले पाह्यजे, तवा एक्स-रेनं त्याचा ढाचा उमगते. एसटीतून जाताना तुरीचं वावर पाहा. नुसता हिरवा गोंधळ दिसते, अन् मंग एका जागी गाडी आली का सारे तास, म्हनजे पेरलेल्या ओळी, एकदम सरळ उघडतात. खडा म्हनजे तेच. तासात उभं राह्यलेलं लायसोझाइम.

डिसेंबरात असा खडा तिले मिळाला होता. सहा पैलूंचा, पान्यावानी सोच्छ. शेखरसर तिचे गाइड. त्याईनं त्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. पन मार्चात लाइट गेली, इन्व्हर्टर काई उठला नाई, खोली दोन दिवस तापली अन् तो खडा झाकनाखालीच वाळून भुकटी झाला. राह्यला तो फोटो. अन् पुन्हा काई केल्या खडा बनेना. तवा शेजारच्या टेबलावरचा ललित, तो बी पीएचडीवालाच, हासत हासत बोलला होता, "दामिनी, तू खारपानपट्ट्यातली. तुमच्याकडे जमिनीतून मीठ निंगते. तुहा खडा बी मीठच असन व."

गंमत केली त्यानं, पन ते बोलनं पसरलं. सेमिनारात पाहुन्यानं बी तेच इचारलं, "हे मिठाचे क्रिस्टल नाहीत कशावरून?" दामिनीपाशी दाखवाले खडा नव्हता. त्या दिवसापासून तिची झोप अर्धी झाली.

अन् आता सोमवारी इंदूरच्या मोठ्या एक्स-रे मशीनवर सरांची पाळी होती. कालव्याच्या पान्याची असते तशी पाळी. हुकली तं हुकली, पुढची आठ महिन्यानं. तवरिक दामिनीची फेलोशिप संपनार होती. सरांनी शुक्रवारी साफ सांगतलं होतं, "रविवारी सकाळी दहापर्यंत तुमचा खडा दिसला तर तुम्ही जाल. नाहीतर ललित त्याचे नमुने घेऊन जाईल. अन् तो फोटो मी खाली काढतो. जे पुन्हा करता येत नाही, ते भिंतीवर ठेवता येत नाही."

साडेअकराले दारात आवाज झाला.

"इथी दामिनी मॅडम राह्यतात काय?"

नितेश. हातात भुशाचा डबा, भुशात बारा अंडे, डोक्यावर ओला दुपट्टा. भातकुलीहून अमरावती, अमरावतीहून अकोला, सारा रस्ता डबा मांडीवर धरून आला होता.

"दादा, आज काहून आला? फोनवर म्या नाई म्हनलं होतं ना."

"तू नाई म्हनलं म्हनून तं आलो. वॉचमनले सांगतलं, आतमधी माही बहीन शोध लावून राह्यली. तो म्हने सही करा. म्या केली. खाली लिवलं, अंड्याचे मालक."

दामिनीले हासू आलं नाई. "दादा, बस तिकडे. कशाले हात लावू नको."

नितेश स्टुलावर बसला. बसला म्हनजे पाच मिनिटं. ती हातातल्या काचेच्या नळ्या धुऊन राह्यली होती. मोठ्या कॅनमधून निर्मळ पानी घे, मिठाचं पानी बनव, नळी विसळ, बेसिनमधी ओत. पुन्हा घे, पुन्हा विसळ, पुन्हा ओत. तिसऱ्या वेळी नितेश उठून उभा झाला.

"अवो! काय करून राह्यली तू?"

"विसळून राह्यली."

"अन् पानी?"

"फेकून राह्यली."

"असं कॅनचं पानी मोरीत? दामे, कोनाची पोरगी तू? आपल्या घरी तुरीची डाळ धुतलेलं पानी माय मोरीत टाकते काय? गायीपुढं ठेवते. आंघोळ खाऱ्या पान्यानं करतो आपन, अन् शेवटचा एक लोटा गोड पान्याचा घेतो, तो बी परातीत उभं राहून. ते परातीतलं पानी काय करतो?"

"फरशीले पोचारा देतो," दामिनी न पाहता बोलली.

"मंग? इथी येऊन सायबीन झाली?"

"दादा, सरांचा नियम हाय. जुनं काई वापराचं नाई. पह्यले मी बी ठेवतच होती. बाटलीत धरून ठेवो अन् नवी नळी आधी त्याच जुन्या पान्यानं विसळो. सरांनी जानेवारीत पाह्यलं, लय बोलले. तवापासून..."

तिचा हात थांबला. नळी बेसिनवर तशीच तिरपी राह्यली, पानी ठिबकत.

"तवापासून काय?"

दामिनीनं नळी ठेवली. वही ओढली. डिसेंबर. खडा आला. जानेवारीची नऊ तारीख, सरांचा नियम. त्याच्यानंतर पानामागून पान, कोरं, कोरं, गढूळ, कोरं. तिनं पानं पुढं उलटवले, मंग मागं उलटवले, मंग पुन्हा पुढं. डिसेंबराच्या आधी ती साध्या कोंबडीच्या लायसोझाइमवर हात बसवून राह्यली होती. ते सोपं, दुसऱ्या दिवशी खडे येतात. त्या ताटल्यांचं उरलेलं मिठाचं पानी, थेंबासकट, तिनं बाटलीत धरून ठेवलं होतं. अन् गिनी कोंबडीच्या नळ्या त्याच पान्यानं विसळल्या होत्या. त्या पान्यात जुन्या खड्यांचे तुकडे असनार. डोळ्याले न दिसनारे.

"दादा, त्या पान्यात बी होतं."

"कशाचं बी?"

"खड्याचं. नव्या थेंबाले पह्यला दाना भेटत नाई म्हनून तो नुसता वाट पाहून राह्यला. डिसेंबरात त्याले दाना भेटला होता."

"म्हनजे विरजन," नितेश म्हने.

"हाव. विरजन."

"मंग लावा ना विरजन!"

"बाटल्या कुठी हायेत? म्या आशाबाईले फेकाले देल्या. जानेवारीत. चार बाटल्या."

आशाबाई झाडझुडीवाली. साठीची, दर्यापूरकडची, ते बी खारपानपट्ट्यातलंच गाव. व्हरांड्यात डबा खात बसली होती. दामिनी धावतच गेली. आशाबाईनं चारपदरी पोळीचा घास हातातच धरला.

"बाटल्या? फेकल्या ना बाई. कवाच."

"कुठी फेकल्या?"

"फेकल्या म्हनजे... फेकल्या."

नितेश मागून आला अन् उकिडवा बसला. "मावशी, गाव कोनतं तुमचं? दर्यापूरकडचं. मंग खरं सांगा. तुमाले बाटलीभर गोड पानी फेकवलं?"

आशाबाईनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, डबा झाकला. "पोरा, हात धजला नाई रे. कंपनीचं पानी. बॅटरीत असंच पानी टाकतात ना? तं म्या म्हनलं साहेबाईचं काम होईन. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकलं. एक जानेवारीत, दोन फेब्रुवारीत."

मिठाचं पानी बॅटरीत. मार्चात इन्व्हर्टर उठला नव्हता तो काहून, ते दामिनीले आता समजलं. अन् त्याच्यातच डिसेंबरचा खडा गेला.

"अन् चौथी?" नितेशनं इचारलं.

"चौथी टाकाच्या आधीच तो इन्व्हर्टरचा डबा बंद पडला. मंग मले भेव वाटलं. ठेवली फ्रिजात, जुन्या फ्रिजात, सगळ्यात खाली. थंड राह्यली म्हनजे बॅटरीले बी थंडावा..."

तिचं बोलनं पुरं व्हाच्या आत दामिनी जुन्या फ्रिजापुढं गुडघ्यावर होती. तळचा खन बर्फानं चिकटला होता. ओढे, निंगेना. नितेशनं एक हिसका देला तं खन अन् तो दोघंही मागं पडले. बाटली तिथीच होती. वर तिच्याच अक्षरात लिवलेलं, 'फेकायचं'. तळाशी बोटभर धूसर असं काई बसलं होतं.

"घे, लाव," नितेश म्हने.

"नाई. आधी सरांले सांगतो."

"पागल झाली काय? बारा वाजले. आधी खडा येऊ दे, मंग सांगजो. आता सांगतलं अन् सर नाई म्हनले तं?"

"नाई म्हनले तं नाई. न सांगता खडा आला, तं डिसेंबरासारखाच होईन ना तो बी. कशानं आला हे कोनाले मालूम नाई. मंग ललितनं मीठ म्हनलं तं काय चुकलं?"

नितेशनं फ्रिजाचा खन उचलून जागेवर बसवला. बहिनीचं ऐकलं, असं त्याच्या उमरात चार-पाच वेळाच झालं असन.

शेखरसर खोलीत पंख्याखाली बसले होते. दामिनी उभीच राह्यली. बाटली टेबलावर ठेवली अन् एका दमात सारं सांगतलं. बाटल्या, विसळन, बॅटरी. "बाटल्या फेकाचं काम माहं होतं सर. म्या दुसऱ्यावर टाकलं. इन्व्हर्टरची चूक माही हाय."

सरांनी चष्मा काढून ठेवला. "डिसेंबरच्या पानावर हे विसळण कुठं आहे?"

"नाई सर."

"का नाही लिहिलं?"

दामिनी ओढनीचं टोक बोटाले गुंडाळे अन् सोडे. "सर, आमच्याकडे पानी असंच ठेवतात. जुन्यानं विसळतात, मंग नवं घेतात. ही काई लिहाची गोष्ट हाय, असं वाटलंच नाई. श्वास घेतला हे कोनी लिहिते काय?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्याले लावला. पंखा खडखड करे. मंग म्हनले, "मीही विचारायला पाहिजे होतं. मी पाणी पाहिलं अन् ओरडलो. ते पाणी काय करत होतं, ते पाहिलं नाही." त्याईनं बाटली उजेडात धरली. "कोंबडीचं बी, गिनी कोंबडीचं रोप. दोघींचं लायसोझाइम सख्ख्या बहिणींसारखं. चालू शकतं. पण आज प्रत्येक थेंब लिहायचा. कोणत्या खणात किती बी, सगळं. काही खण बियांशिवाय ठेवा. आणि उद्या सकाळी खडे आलेच, तर एक माझ्यासमोर निळ्या रंगात घालायचा. मीठ रंग पीत नाही. लायसोझाइम पितं. पांढराच राहिला, तर ललित इंदूरला जाईल आणि फोटो मी काढीन."

"हाव सर."

दुपारचे दोन वाजले होते. दामिनीनं बाटलीच्या तळचा एक थेंब घेतला, नव्या मिठाच्या पान्यात टाकला. त्यातला एक थेंब पुढच्या नळीत, त्यातला पुढच्या. बी पातळ करत गेली, कारन जास्त झालं का नुसतं पीठ होते. बारा खनात बी टाकलं, बारा खन कोरे ठेवले. एकेक लिवलं. थेंब ढळू नये म्हनून मनगट टेबलाले दाबून धरे. नितेश दाराशी उभा राहून तोंडावर दुपट्टा दाबून होता. त्याले कोनीतरी सांगतलं होतं, का जोरानं बोललं तं थेंब हालतात.

पाच वाजता झाकनं बसले. दामिनी कपाटापुढं उभी राह्यली. आता उघडून पाहू का, हे तिच्या तोंडावर साफ दिसे. नितेशनं कपाटाची किल्ली काढली अन् आपल्या खिशात टाकली.

"दादा, दे."

"उद्या. विरजन लावल्यावर झाकन कोन उघडते? माय चिमटा काढत होती ना तुले, लहानपनी? तवा बी तू दर घडीले जाऊन पाहे."

"दादा, खडा नाई आला तं?"

नितेश बोलाले गेला, का म्या साऱ्या भातकुलीले सांगून ठेवलं हाय. पन तिच्याकडे पाह्यलं अन् बोलनं बदललं. "नाई आला तं अंडे हायेत ना. बावीस कोंबड्या हायेत. पुढचे आठ महिने रोज आनून देईन. पन मीठ म्हनाचं नाई कोनी तुले. मीठ काय असते ते आपल्याले मालूम हाय. उन्हाळ्यात वावर पांढरं होते, त्यावर अनवानी चालून मोठे झालो आपन."

रात्री तो आपल्या सख्ख्या मावशीकडे, इंदूबाईकडे, जठारपेठेत झोपाले गेला. किल्ली खिशातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वॉचमन गेट उघडाले आला, तं बहीन-भाऊ दोघं बी आधीच बाहेर उभे होते, एकमेकाईले न सांगता आलेले. आठले सर आले. ललित बी आला, बॅग भरूनच. नितेशनं किल्ली देली. दामिनीनं ताटली दोन्ही हातानं धरून आनली, दुर्बिनीखाली ठेवली, अन् डोळा लावला.

कोऱ्या बारा खनात काई नव्हतं. बी टाकलेल्या पह्यल्या चार खनात नुसतं पीठ. पाचव्यात सुया. सहाव्यात सुया. ती एकेक खन सरकवे. नवव्या खनावर ती थांबली. दहावा पाह्यला. पुन्हा नववा पाह्यला. मंग ती बाजूले झाली.

सरांनी पाह्यलं. ललितनं पाह्यलं. नितेश म्हने, "मले बी." तो वाकला. "मले तं झाडूवानी काईतरी दिसून राह्यलं."

"ती तुही पापनी हाय दादा. डोळा मागं घे."

त्यानं डोळा मागं घेतला. थेंबाच्या मधात तीन खडे होते. कोनं कापल्यावानी, पैलू मोजून घ्या.

"एक रंगात," सर म्हनले.

दहाव्या खनात एकच खडा होता, तिरका, कोपरा तुटलेला. दामिनीनं त्याच्यावर निळ्या रंगाचा बारीक थेंब सोडला. भवतालचं सारं निळं झालं, खडा मधात पांढरा. एक मिनिट. दोन मिनिटं. ललितनं घड्याळ पाह्यलं. दामिनी आता दुर्बिनीतून पाहेच ना, खिडकीकडे तोंड करून उभी होती. सरच पाहून राह्यले होते.

"दामिनी," सर म्हनले, "इकडे या. कडा निळ्या होताहेत."

ती आली. तवरिक निळं कडेवरून आत शिरलं होतं. मंग मधात गेलं. मंग खडा भवतालच्या पान्याहून गडद झाला, पूर्न निळा, नीळ घातलेल्या धोतराच्या गाठीवानी. मीठ नव्हतं.

ललितनं बॅग खांद्यावरून उतरवली. "मी मीठ म्हनलं होतं," तो म्हने. "वहीत लिहून टाक, मी म्हनलं होतं म्हनून."

"लिवतो," दामिनी बोलली, अन् खरंच लिवलं. नवव्या खनातले तीन खडे संध्याकाळच्या गाडीसाठी बारक्या नळीत भराले तिनं घेतले, आता मनगट टेबलाले न दाबता.

सर तवरिक जुन्या फ्रिजापाशी गेले होते. बाटली काढली, तिच्यावरची 'फेकायचं'ची पट्टी नखानं खरवडली, नवी पट्टी लावली. आशाबाई झाडू घेऊन दारातच उभी होती, आत येऊ का नाई असं करत. सरांनी पेन तिच्यापुढं केलं, मंग आठवलं का तिले लिहिता येत नाई, म्हनून स्वतः लिहाले धरलं.

"आशाबाई, काय लिहू?"

"लिवा ना साहेब," आशाबाई म्हने, "बॅटरीत टाकू नये."